मोटर मोठी घातली तरी ॲक्सिस सरकतोच? आधी किती सरकला ते मोजा

लक्षण ओळखीचं आहे. छोटी बेंच मिल, सीएनसी करायला हाताची चाकं काढून बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा, गोळ्यांवर चालणारा स्क्रू) आणि स्टेपर (पावलापावलानं फिरणाऱ्या मोटरी) बसवलेले. पहिले दोन-तीन जॉब झकास निघतात. मग एक दिवस बारा भोकांच्या प्लेटमधलं नववं भोक जागेवर नसतं. प्रोग्रॅम संपल्यावर एक्स ॲक्सिस शून्यावर येतो, स्क्रीनही शून्यच दाखवते, पण डायल गेजची सुई ०.७ मिमी लांब उभी असते. पुन्हा होम केलं, म्हणजे ॲक्सिस मूळ जागी नेला, पुन्हा चालवलं, तर या वेळी ०.३. कुणाला विचारावं तर एकच उत्तर येतं: मोटर लहान पडतेय, नेमा ३४ घाल.

मी घातली. प्रकरण आणखी बिघडलं.

मशीन ३५० वॅट स्पिंडलची, एक्स२ जातीची मिल. एक्स आणि वायला १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी व्यास आणि एका फेऱ्याला ५ मिमी. मोटर नेमा २३, टॉर्क (फिरवण्याचा जोर) १८.९ किलो-सेंमी, करंट २.८ अँपिअर, इंडक्टन्स ३ मिलिहेन्री. ड्रायव्हर डीएम५४२, सप्लाय २४ व्होल्टचा, कंट्रोलर म्हणून आर्डुइनो उनो बोर्डवर चालणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर. नवी मोटर आली ती ४५ किलो-सेंमीची, ६ अँपिअर, ८ मिलिहेन्री. कागदावर जवळपास अडीच पट ताकद. ड्रायव्हर आणि सप्लाय मात्र तेच ठेवले, कारण मोटरच्या खर्चानंतर घरात सप्लायचा विषय काढायची सोय नव्हती. रॅपिड, म्हणजे न कापता नुसतं सरकण्याचा वेग, ३००० मिमी प्रति मिनिटावर होता. आधीची मोटर तिथे निदान चालता चालता चुकायची. ही जागेवर गुरगुरत उभी राहिली. रॅपिड ९००वर आणला तेव्हा कुठे हलली.

भोसरीत टूलरूममध्ये आयुष्य काढलेले एक काका आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, “अरे, मोटर कसली बदलतोस? आधी टेबल किती ओढून घेतंय ते बघितलंस का? आणि सरकतंय म्हणजे किती सरकतंय? दर वेळी वेगळं असलं तरी त्यात काही हिशोब दिसतो का?” हिशोब होता. मी लिहून ठेवलेले आकडे ०.७, ०.३, ०.४, ०.२ असे होते. ०.३५ किंवा ०.१८ एकदाही नाही.

त्याचं कारण मोटरच्या पोटात आहे. १.८ अंशांच्या स्टेपर मोटरला एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप असतात आणि विजेचं चक्र दर चार स्टेपला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. भार झेपला नाही की रोटर मधेच कुठेतरी अडकून राहत नाही. तो मागच्या किंवा पुढच्या चक्रातल्या तशाच जागेवर जाऊन बसतो. म्हणजे मोटर चुकते ती चार-चार स्टेपनं, ७.२ अंशांनी. फेऱ्याला असे ५० टप्पे. ५ मिमीच्या स्क्रूवर एक टप्पा म्हणजे बरोबर ०.१ मिमी. स्क्रू ४ मिमीचा असेल तर ०.०८, आणि मधे दोनास एक बेल्ट असेल तर त्याच्या निम्मं. तुमच्या मशीनचा आकडा काढायला स्क्रूची चाल भागिले ५०, एवढं पुरतं.

म्हणून मोटर मागवण्याआधी एक संध्याकाळ द्या. टूल काढा, स्पिंडल बंद. मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावून टेबल त्याला टेकवा आणि सुई शून्यावर आणा. मग टेबल डायलपासून १०० मिमी लांब नेऊन परत आणणाऱ्या पन्नास फेऱ्यांचा छोटा प्रोग्रॅम लिहा, नेहमीच्या रॅपिडवर. डायलकडे दर वेळी एकाच दिशेनं या. शेवटचे २ मिमी सावकाश, नाहीतर डायलची वाट लागेल. पन्नास फेऱ्यांनी सुई कुठे आहे ते लिहा. तेच निम्म्या वेगानं, आणि तेच शंभर फेऱ्यांनी.

आता आकडे वाचा.

फरक ०.१च्या पटीत येतोय आणि वेग निम्मा केला की नाहीसा होतोय, तर मोटर खरोखर घसरतेय. यावर पुढे सविस्तर.

फरक बारीक आहे, पण फेऱ्या दुप्पट केल्या की बरोबर दुप्पट होतो, आणि वेग कमी करून काहीही फरक पडत नाही? मग मोटर निर्दोष आहे. नाशिकच्या एका मित्राच्या राउटरवर हेच होतं. पन्नास फेऱ्यांना ०.१५ ते ०.१६, शंभरला ०.३१. एकअष्टमांश मायक्रोस्टेपवर (ड्रायव्हर एका स्टेपचे आठ भाग करतो) ५ मिमीच्या स्क्रूची एक मायक्रोस्टेप ०.००३१२५ मिमीची. गुणिले पन्नास, ०.१५६. म्हणजे दर फेरीला एक मायक्रोस्टेप गळत होती. ड्रायव्हर कंट्रोलरकडून आलेल्या पल्सच्या एका कडेवर पाऊल टाकतो आणि दिशेचा सिग्नल त्याच्या निदान ५ मायक्रोसेकंद आधी स्थिर झालेला असावा लागतो. ड्रायव्हरच्या सिग्नलचे सगळे प्लस एकत्र करून ५ व्होल्टला जोडले की सिग्नल उलटा होतो, पाऊल पल्सच्या चुकीच्या कडेवर पडतं आणि दिशा बदलताना एक पाऊल भलतीकडे जातं. इलाज फुकटचा. एकतर सगळे मायनस ग्राउंडला एकत्र करून प्लसवर सिग्नल द्या, नाहीतर जीआरबीएलमध्ये $२ या सेटिंगनं पल्स उलटा करा. मित्रानं तोवर तीन नव्या मोटरी मागवल्या होत्या. अजून खोक्यात आहेत, कुणाला हव्या असतील तर.

फरकात कसलाच मेळ नाही, आज ०.०७, उद्या ०.२३? मोटरचा शाफ्ट आणि कपलिंग (त्याला स्क्रूशी जोडणारा भाग) यांवर मिळून मार्करनं एक रेघ मारा. तशीच कपलिंग आणि स्क्रूवर. मशीन चालवून बघा, रेघ तुटलेली दिसेल. गोल शाफ्टवर ग्रब स्क्रूचा (कपलिंगमधल्या बिनडोक्याच्या स्क्रूचा) भरवसा धरू नका. शाफ्टला छोटा सपाट भाग घासा किंवा चिमटा बसणारं कपलिंग घ्या. बॉलनटचे बोल्टही याच वेळी बघून घ्या.

एकाच बाजूनं आलं की शून्य अचूक, दुसऱ्या बाजूनं आलं की ठरावीक फरक, तर तो बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली ढील. तो साठत जात नाही आणि मोटरशी त्याचा संबंध नाही. फरक फक्त स्पिंडल किंवा व्हॅक्युम चालू असतानाच येत असेल तर वायरिंग बघा: सिग्नलला शील्डची केबल, शील्ड एकाच टोकाला अर्थ, आणि स्पिंडलच्या वायरीपासून लांब.

आता खरी घसरणारी मोटर. मोटर कमी पडतेय की टेबल जास्त मागतंय, हे ठरवायला काकांची युक्ती. मोटर सोडवा, तिच्या जागी स्क्रूच्या टोकाला ५० मिमी व्यासाची पुली बसवा, तीवर दोरी गुंडाळा आणि प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्यानं ओढा. टेबल एकसारखं चालत असताना काटा जे दाखवेल त्याला २.५नं गुणलं की झाले किलो-सेंमी. माझ्या टेबलाच्या मध्यावर काटा १.२ किलो दाखवत होता, म्हणजे ३ किलो-सेंमी. दोन्ही टोकांना ३.६ किलो, म्हणजे ९. तिप्पट!

कारण उघड आहे, पण ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मशीन मध्यावर जास्त चालते, म्हणून डोव्हटेल, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं तो तिरक्या कडांचा मार्ग, मध्यावर झिजतो. मी गिब (त्यातली ढील काढणारी पट्टी) तिथेच घट्ट केली होती. टोकाला न झिजलेला डोव्हटेल तिला करकचून धरत होता. माझ्या नोंदींत चुकलेली भोकं कुठली होती ते पुन्हा पाहिलं. सगळी कडेची.

गिब टोकाला घेऊन लावली, मध्यावरची थोडी ढील मान्य केली, ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल घातलं. टोकाचा आकडा ९वरून ४वर आला. एवढ्यावरच बऱ्याच जणांचं दुखणं थांबेल.

दुसरा गुन्हेगार ड्रायव्हरवरचे स्विच. डीएम५४२च्या पाठीवर करंटचा तक्ता छापलेला असतो. मोटर २.८ अँपिअरची, तक्त्यात २.८४ दिसलं, मी तेच लावलं. तो आकडा पीकचा, म्हणजे करंटच्या लाटेच्या शिखराचा आहे. शेजारच्या रकान्यात आरएमएस (लाटेचा परिणामी सरासरी करंट) २.०३ लिहिलेलं असतं, ते मी वाचलंच नाही. मोटरच्या लेबलावरचा आकडा सहसा आरएमएसच्या अर्थानं असतो, त्यामुळे मला ३.७६ पीक, म्हणजे २.६९ आरएमएस लावायला हवं होतं. माझी १८.९ची मोटर वर्षभर १३.७वर चालत होती. आणि होल्डिंग टॉर्क हा उभ्या मोटरचा असतो. चालत्या मोटरकडून त्याच्या साधारण ७० टक्क्यांपेक्षा जास्त मी धरत नाही. १३.७चे ७० टक्के साडेनऊ. टेबल टोकाला ९ मागत होतं. उरलं काय? वेग धरायलाच थोडा टॉर्क लागतो, तेवढं निमित्त पुरलं.

करंट वाढवल्यावर मोटर तापते, घाबरू नका. स्टेपर उभी असतानाही करंट पिते. ७०-८० अंशांना हात टेकवत नाही, पण बहुतेक मोटरींचं इन्सुलेशन क्लास बीचं असतं, १३० अंशांचं.

मग मोठी मोटर का हरली? गुंडाळीत करंट चढायला वेळ लागतो. इंडक्टन्स जितका जास्त तितका वेळ जास्त, व्होल्टेज जितकं जास्त तितका कमी. मोटर जोरात फिरू लागली की करंट पुरा चढायच्या आत पुढची स्टेप येते आणि टॉर्क गळू लागतो. गळती कुठून सुरू होते त्याचा ढोबळ हिशोब असा: व्होल्टेज भागिले (२ गुणिले इंडक्टन्स गुणिले करंट गुणिले २००). उत्तर सेकंदाला किती फेरे ते येतं. इंडक्टन्स हेन्रीत घाला, मिलिहेन्रीत नाही.

माझी लहान मोटर, २४ व्होल्ट, ०.००३ हेन्री, २.०३ अँपिअर: ९.८५ फेरे, म्हणजे जवळपास ३००० मिमी प्रति मिनिटापर्यंत ती शाबूत. मोठी मोटर ६ अँपिअरची, पण डीएम५४२ देणार जास्तीत जास्त ३ आरएमएस. म्हणजे ४५ किलो-सेंमीची मोटर पहिल्याच फटक्यात साडेबावीसची झाली. तिचा हिशोब २४ भागिले ९.६, म्हणजे अडीच फेरे, ७५० मिमी प्रति मिनिट. त्यापुढे वेग दुप्पट की टॉर्क निम्मा. १५००ला तिच्याकडे सव्वाअकरा उरतात, लहानीकडे अजून १३.७. ३०००ला मोठीकडे फक्त ५.६. हे आकडे वरच्या होल्डिंगच्या मापातले, ७० टक्क्यांची कात्री अजून लागायची आहे. तरी टेबलाला हवेत ९. गुरगुरून उभी राहणार नाही तर काय?

कुठल्या मोटरला किती व्होल्ट चालतील याचा एक नियम या छंदात सर्वमान्य आहे: मिलिहेन्रीचं वर्गमूळ गुणिले ३२. ३ मिलिहेन्रीला ५५ व्होल्ट, ८ मिलिहेन्रीला ९०. ही कमाल मर्यादा आहे. तिच्या निम्म्याखाली मोटर चालवायची असेल तर त्या मोटरचे पैसे वाया. ८ मिलिहेन्रीची मोटर घेणाऱ्यानं ८० व्होल्टचा ड्रायव्हर आणि तसा सप्लाय यांचा खर्च आधी धरावा. आठ वायरींची मोटर घरात असेल तर नशीबवान आहात. गुंडाळ्या सिरीजऐवजी पॅरलल जोडल्या की इंडक्टन्स चौथाई होतो. करंट मात्र सिरीजच्या दुप्पट लागतो, तेवढा ड्रायव्हर देतो का ते बघा.

आणि लेबलावरच्या ‘नेमा २३’ किंवा ‘नेमा ३४’ला भुलू नका. तो फक्त पुढच्या चौकोनी तोंडाचा आकार आहे, एक ५७ मिमीचा, दुसरा ८६चा. ताकदीबद्दल तो काहीही सांगत नाही. विक्रेत्याला होल्डिंग टॉर्क विचाराल तर लगेच सांगेल. इंडक्टन्स विचारा आणि त्याचा चेहरा बघा. मला एकानं “सर, टॉर्कवाली मोटर आहे” एवढंच पुन्हा पुन्हा सांगितलं. डेटाशीट देत नसेल त्याच्याकडून मी आता घेत नाही.

मग लागते तरी किती मोठी? स्पिंडलपासून सुरू करा, कारण स्पिंडल जेवढं कापू शकतो त्याहून जास्त जोर टेबलाला कधी लागणारच नाही. ३५० वॅट, १५०० आरपीएम, १० मिमीचा एंड मिल. स्पिंडलचा टॉर्क सुमारे २.२ न्यूटन-मीटर, आणि कटरच्या धारेवर जोर जास्तीत जास्त ४४५ न्यूटनच्या आसपास. त्यापुढे स्पिंडलच थांबेल. ५ मिमीच्या बॉलस्क्रूला, ९० टक्के कार्यक्षमता धरून, एवढा जोर लावायला ०.४ न्यूटन-मीटर पुरतो, म्हणजे ४ किलो-सेंमी. त्यात टेबलाचे ४ मिळवा. आठ. दुप्पट मार्जिन धरलं तर सोळा. माझी जुनी १८.९ची मोटर पहिल्या दिवसापासून पुरेशी होती.

बॉलस्क्रू न घालता मूळचा ट्रॅपेझॉइडल स्क्रूच ठेवला असेल तर ९०ऐवजी ३० टक्के धरा, आकडा तिप्पट होतो. नव्या मोटरीच्या पैशांत बऱ्याचदा बॉलस्क्रू बसतो.

रोटरच्या जडत्वाचाही विचार करा, मला त्यानं चकित केलं होतं. २० किलोचं टेबल ५ मिमीच्या स्क्रूमधून मोटरला किती जड वाटतं? १२७ ग्रॅम-चौरस सेंमी. ४०० मिमी लांबीचा स्क्रू स्वतः २०० भरतो. नेमा २३च्या ७६ मिमी लांब मोटरचा रोटर साधारण ४४०. म्हणजे मोटर सर्वांत जास्त ओझं स्वतःचंच वाहते, आणि नेमा ३४चा रोटर याच्या कितीतरी पट. आपल्या वेगांना यात फार टॉर्क जात नाही, पण मोठी मोटर चपळ असेल ही समजूत काढून टाका.

सप्लाय मी बुधवार पेठेतून ४८ व्होल्टचा एसएमपीएस आणला आणि त्याचा ट्रिमर फिरवून ४४वर उतरवला. डीएम५४२ची मर्यादा ५० व्होल्ट आहे, आणि टेबल झटक्यात थांबलं की मोटर जनरेटर होऊन वीज उलटी पाठवते. थोडी जागा ठेवलेली बरी. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. ३२ व्होल्ट एसीचे रेक्टिफाय होऊन ४५ डीसी होतात खरे, पण २३० व्होल्टला. आमच्याकडे रात्री लाइन २५५ दाखवते, तेव्हा तेच ५० होतात. आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढू नका. एक ड्रायव्हर मी असाच घालवला.

नव्या आकड्यांनी, ४४ व्होल्ट आणि २.६९ अँपिअर, गळती ४००० मिमी प्रति मिनिटाच्या पुढे गेली. मी रॅपिड २०००वरच ठेवलाय. छोट्या मशीनला कुठे पळायचंय?

सेटिंग लावताना मायक्रोस्टेप वाढवून अचूकता वाढते असं समजू नका. एकषोडशांशला एका मायक्रोस्टेपमागे होल्डिंग टॉर्कच्या जेमतेम १० टक्के जोर मिळतो. टेबलाचं घर्षण त्याहून जास्त असेल तर मोटर दोन-तीन पल्स नुसती ताण घेत बसते आणि मग उडी मारते. शिवाय उनोवरचं जीआरबीएल सेकंदाला ३० हजार पल्सच्या पुढे जात नाही. एकबत्तिसांशवर २०००च्या रॅपिडला जवळपास ४३ हजार लागतील. मी एकअष्टमांशवर आहे, ३२० पल्स प्रति मिमी, पावणेअकरा हजारांत काम होतं. ३०० ते ९०० आरपीएमच्या मधे कुठेतरी मोटर भुंग्यासारखी घोंगावून घसरत असेल तर तो रेझोनन्स आहे. $१२० (एक्सचं ॲक्सिलरेशन) वाढवून तो पट्टा झटकन ओलांडा किंवा रॅपिड त्याच्या खाली ठेवा.

झेडचं, म्हणजे हेड वर-खाली करणाऱ्या ॲक्सिसचं, एक वेगळं. बॉलस्क्रूवर हेड स्वतःच्या वजनानं खाली येऊ शकतं. ड्रायव्हरचा चौथा स्विच ऑफ असेल तर मोटर उभी राहिल्यावर करंट निम्मा होतो. झेडला तो ऑन करा, आणि $१ला २५५ द्या म्हणजे जीआरबीएल मोटर मोकळी सोडणार नाही.

क्लोज्ड लूप स्टेपर, म्हणजे आपण किती फिरलो ते स्वतः तपासणारी मोटर, घेऊ का, असं विचारलं जातं. घ्या, चुकलं की अलार्म येतो आणि जॉब वाचतो. पण घट्ट गिब ओढायला त्याच्याकडे वेगळा टॉर्क नसतो, तेव्हा काटा आणि दोरी आधी.

माझा एक्स आता शंभर फेऱ्यांनंतर शून्यावर येतो, सुईच्या जाडीएवढा फरक सोडून. मोठी मोटर दरवाजा-अडवणी म्हणून आहे. वायचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. डिसेंबरात सकाळी सातला पहिल्या जॉबला तो एकदा बरोबर ०.१ चुकला, नंतर दिवसभर नाही. थंडीत ते ६८चं ऑइल घट्ट होतं. सध्या चहा होईपर्यंत टेबल पाच मिनिटं रिकामं फिरवतो, आणि पुढच्या रविवारी पहाटे पुली-दोरी लावून वायचा आकडा घेणार आहे.